प्राग : मनी धरलेले नगर

परक्या भाषेतील नामे आणि क्रियापदे शिकणे फारसे अवघड नसते. पावाला काय म्हणतात, आगगाडी केव्हा सुटते, पाणी कोठे मिळेल, एवढे शब्द प्रवाशाला दोन दिवसांत अवगत होतात. विशेषणे मात्र अशी सहजासहजी हाती लागत नाहीत. एखादा समाज कशाला थोर मानतो, कशाचा तिटकारा करतो आणि कशासाठी झुरतो, हे त्याच्या विशेषणांत साठविलेले असते. चेक भाषेत स्वप्नासंबंधीची अशी चार विशेषणे आहेत. त्यांतील एकाचा अर्थ शब्दकोशात एका ओळीत सांगितलेला सापडतो; परंतु तो नीट उमगावा अशी इच्छा असेल, तर कोश मिटून प्राग शहरातून पायी हिंडावे लागते. ते विशेषण म्हणजे ‘विस्न्येनी’.

चेक लोकांचा देश मध्य युरोपात, चहूंकडून भूमीने वेढलेला. शतकानुशतके हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेखाली काढल्यावर २८ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांनी स्लोव्हाक बांधवांसह चेकोस्लोव्हाकिया हे स्वतंत्र राष्ट्र स्थापिले. पुढे १ जानेवारी १९९३ रोजी ही दोन राष्ट्रे सामोपचाराने विभक्त झाली. चेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीहून थोडीशी अधिक. आपल्याकडील एखाद्या महानगराची वस्ती याहून मोठी भरेल. परंतु या लहानशा राष्ट्राची भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

स्वप्नाला चेक भाषेत ‘सेन’ म्हणतात. ऐकताना या शब्दाचे आपल्या ‘स्वप्ना’शी काही नाते असेल असे वाटत नाही, पण ते आहे, आणि अगदी सख्खे आहे. संस्कृतातील ‘स्वप्न’, ग्रीकांचा ‘हुप्नोस’, लॅटिनमधील ‘सोम्नुस’ आणि स्लाव भाषांतील हा ‘सेन’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरे. चेक भाषेने वाटेत मधला ‘प’ गाळून टाकला. तो अगदीच हरवला मात्र नाही: झोपणे या अर्थाच्या ‘स्पात’ या क्रियापदात तो आजही नांदतो आहे. संस्कृतात ‘स्वप्न’ म्हणजे निद्राही आणि निद्रेत दिसणारे दृश्यही; रशियन ‘सोन’ या शब्दाचेही तसेच. हिंदीतील ‘सोना’ आणि ‘सपना’ ही क्रियापद-नामाची जोडी याच घराण्यातली.

नात्याची याहून सुंदर खूण वाक्यरचनेत दिसते. आपण मराठीत ‘मी स्वप्न केले’ असे म्हणत नाही. ‘मला स्वप्न पडले’ असे म्हणतो. पाऊस पडतो, दव पडते, तसे स्वप्न पडते. ते वरून कोठून तरी येते आणि आपण केवळ त्याच्या वाटेत असतो. चेक माणूसही सकाळी उठून ‘झ्दालो से मि’ असे म्हणतो. याचा अर्थ ‘मला भासले’. यातील ‘मि’ म्हणजे ‘मला’. संस्कृतातील ‘मे’ची आठवण व्हावी असा. दोन्ही भाषांनी झोपलेल्या माणसाला कर्तेपणाच्या भारातून मोकळे केले आहे. रात्रीच्या स्वप्नाचे श्रेय त्याला नाही आणि दोषही नाही.

परंतु माणूस जागेपणीही स्वप्ने पाहतो. ती पडत नाहीत. ती पाहावी लागतात, रंगवावी लागतात, उराशी बाळगावी लागतात. चेक विशेषणांची खरी करामत येथे सुरू होते. ‘स्नोवी’ म्हणजे स्वप्नाचा, स्वप्नातला. हे कोरडे, शास्त्रीय विशेषण मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथात शोभते. ‘स्निवी’ म्हणजे स्वप्नाळू. हा स्वभावाचा गुण, एखाद्या कवीला किंवा मंद सुरावटीला लागू पडणारा. ‘झास्न्येनी’ म्हणजे आपल्याच तंद्रीत हरवलेला. खिडकीत उभ्या असलेल्या, समोरचे काहीच न पाहणाऱ्या मुलीची नजर ‘झास्न्येनी’. याच्याशी मिळताजुळता ‘झास्न्येझेनी’ असा दुसरा शब्द आहे. त्याचा अर्थ बर्फाने झाकलेला. दोघांची मुळे वेगळी, तरी एका अक्षराच्या फरकाने ते शेजारी येऊन बसले आहेत. जानेवारीत व्ल्तावा नदीकाठी छपरांवर हिम साचते, पुलावरचे दगडी संत पांढरी घोंगडी पांघरून उभे राहतात आणि शहराचा आवाज दबून जातो. त्या वेळी हे दोन शब्द एकमेकांजवळ का आले असावेत, हे निराळे सांगावे लागत नाही.

चौथे विशेषण आपले ‘विस्न्येनी’. त्याच्या आरंभीचा ‘वि’ हा उपसर्ग ‘बाहेर’ या अर्थाचा असून भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘उद्’शी जोडतात. गंमत अशी की, हेच दोन तुकडे जोडून संस्कृताने ‘उत्स्वप्नायते’ हे क्रियापद घडविले आणि त्याला झोपेत बरळण्याचा अर्थ दिला. चेक भाषेने मात्र त्यांतून निराळीच वस्तू निर्माण केली. चेक भाषेत हा उपसर्ग काही क्रियापदांना लागला की, ती कृती करून काहीतरी पदरात पाडून घेणे असा अर्थ होतो. विनवणी करून मिळविणे, लढून मिळविणे, चाकरी करून मिळविणे, या सर्वांसाठी त्या भाषेत ‘वि’ने सुरू होणारी क्रियापदे आहेत. त्याच माळेत स्वप्न पाहून मिळविणे हेही एक. तेव्हा ‘विस्न्येनी’ म्हणजे स्वप्न पाहून पाहून मनाबाहेर काढलेला, ध्यास घेऊन आकाराला आणलेला. जणू स्वप्न पाहणे हेही नांगरणी किंवा विणकाम यांसारखे एक कष्टाचे काम आहे आणि त्याचे फळ मिळायला हवे!

मराठी वाचकाला या विशेषणाची रूपे पाहून मौज वाटेल. आपल्याप्रमाणेच चेक भाषेत तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलते. पुल्लिंगी ‘विस्न्येनी’, स्त्रीलिंगी ‘विस्न्येना’, नपुंसकलिंगी ‘विस्न्येने’. आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी. त्यांच्याकडे ईकारान्त तो मुलगा आणि आकारान्त ती मुलगी. नपुंसकलिंगाच्या एकाराबाबत मात्र दोन्ही भाषांचे एकमत आहे.

आता या शब्दातील खरी मेख पाहू. ‘विस्न्येने घर’ म्हटले तर ते घर बांधून झाले आहे की नाही? विशेषण काही सांगत नाही. तरुण जोडप्याने कागदावर रेखाटलेले आणि कधीच न उभारलेले घर ‘विस्न्येने’. तीस वर्षांच्या काटकसरीनंतर ज्याच्या ओसरीत बसून म्हातारा-म्हातारी चहा पितात, तेही ‘विस्न्येने’. केवळ कल्पनेत असणारे जग आणि अखेर हाती आलेली मनाजोगती नोकरी, दोहोंना तोच शब्द. तो फलप्राप्तीची चौकशी करीत नाही. कोणीतरी याचा ध्यास घेतला होता, एवढीच साक्ष देतो.

अशा साक्षी प्राग नगरीत जागोजाग दगडात उभ्या आहेत. मुळात या नगरीची जन्मकथाच तशी आहे. लिबुशे नावाच्या राजकन्येने व्ल्तावाकाठच्या कड्यावरून पलीकडच्या रानाकडे पाहिले आणि तिला एका थोर नगरीचे दर्शन घडले. रानात एक मनुष्य घराचा उंबरठा तासताना सापडेल, तेथेच नगर वसवा, अशी तिने आज्ञा केली. चेक भाषेत उंबरठ्याला ‘प्राह’ म्हणतात, त्यावरून नगरीचे नाव ‘प्राहा’ पडले, असे लोककथा सांगते. व्युत्पत्तीचे पंडित या कथेवर विसंबत नाहीत. तरीही आपल्या राजधानीचे नाव राजवाड्यावरून किंवा किल्ल्यावरून न जोडता घराच्या उंबरठ्यावरून जोडावे, यात त्या लोकांचा स्वभाव दिसतो.

नदीच्या काठी सोनेरी छपराचे राष्ट्रीय नाट्यगृह उभे आहे. त्याची कथा प्रत्येक चेक मुलाला ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस चेक भाषेची अवस्था मोठी बिकट होती. कचेऱ्या, उच्च शिक्षण आणि शहरातील प्रतिष्ठितांचे व्यवहार जर्मनमध्ये चालत. चेक ही मुख्यतः खेड्यापाड्यांची बोली होऊन राहिली होती. मग विद्वानांनी कोश रचले. योसेफ युंगमान याचा पाच खंडांचा चेक-जर्मन कोश १८३०च्या दशकात प्रसिद्ध झाला. कोश झाला, आता आपल्या भाषेचे स्वतःचे नाट्यगृह हवे, असे लोकांनी मनात धरले. सरकारकडून मोठ्या साहाय्याची आशा नव्हती. तेव्हा गावोगाव वर्गणी जमू लागली. १६ मे १८६८ रोजी पायाभरणी झाली; देशातील पवित्र मानलेल्या डोंगरांवरून त्यासाठी शिळा आणल्या होत्या. ११ जून १८८१ रोजी रंगमंचाचा पडदा उघडला. आणि दोनच महिन्यांनी, १२ ऑगस्टला, आग लागून घुमट, प्रेक्षागृह आणि रंगमंच भस्मसात झाले.

येथे एखाद्या समाजाने कपाळाला हात लावला असता तर त्यास दोष देता आला नसता. परंतु पुन्हा झोळ्या फिरल्या आणि अवघ्या ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन जमले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी नाट्यगृह पुन्हा उघडले. रंगमंचाच्या माथ्यावर ‘राष्ट्राकडून राष्ट्राला’ अशा अर्थाची दोन शब्दांची ओळ सोन्याने कोरलेली आहे. हिनाइस या चित्रकाराने रंगविलेल्या दर्शनी पडद्यावर राजा नाही, सेनापती नाही. नाट्यगृहासाठी आपापली देणगी आणणारे लोक आहेत.

दोन्ही उद्घाटनांना बेद्रझिख स्मेताना याची ‘लिबुशे’ ही संगीतिका सादर झाली. तीच उंबरठ्याची कथेतील राजकन्या. स्मेतानाने ती १८७२ मध्ये पुरी केली होती आणि अशा मंगल प्रसंगासाठी नऊ वर्षे जपून ठेवली होती. दरम्यान, १८७४ मध्ये तो पूर्ण बहिरा झाला. ज्या दिवसासाठी त्याने इतकी वर्षे वाट पाहिली, तो दिवस उजाडला. सभागृह त्याच्या सुरांनी भरून गेले, आणि त्याच्या कानी त्यांतील एकही सूर पडला नाही. त्याला ती संगीतिका मिळाली म्हणावी की न मिळाली? ‘विस्न्येनी’ या शब्दापुरते बोलायचे तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

नदीपलीकडच्या टेकडीवर, राजवाड्याच्या आवारात, संत वीत याचे प्रधान मंदिर आहे. त्याचा पाया १३४४ मध्ये घातला गेला आणि काम पुरे झाले १९२९ मध्ये. मधली पाचशे पंचाऐंशी वर्षे! पंधराव्या शतकातील धर्मयुद्धांत काम थांबले ते जवळजवळ कायमचेच. कित्येक पिढ्यांनी मंदिराचा पूर्वेकडील अर्धा भागच पाहिला. पश्चिमेकडे भिंत घालून त्यांनी त्याच अर्ध्या मंदिरात प्रार्थना केल्या, लेकरांची नावे ठेवली, मृतांना निरोप दिला. १८५९ मध्ये मंदिर पूर्ण करण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली आणि पुन्हा छिन्न्यांचा आवाज सुरू झाला. ज्यांनी पहिला दगड बसविला त्यांना शेवटच्या दगडाची कल्पनाही करता आली नसती. तरीही आत उभे राहून वर पाहताना जुने संपून नवे कोठे सुरू झाले, हे सामान्य प्रवाशाला सहसा सापडत नाही.

अशाच एका दीर्घ ध्यासाचा धागा प्रागहून थेट पुण्याला येऊन पोहोचतो. मोरित्स विंटरनित्स (१८६३–१९३७) हे प्रागच्या जर्मन विद्यापीठातील संस्कृतचे प्राध्यापक. महाभारताची सर्व हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती निघाली पाहिजे, असा आग्रह त्यांनी १८९७ मध्ये पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत धरला. युरोपात त्या कार्याने मूळ धरले नाही. १९१९ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने ते हाती घेतले. पुढे विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या संपादकाने त्यासाठी आपले आयुष्य वेचले. विंटरनित्स यांना आदिपर्व छापून आलेले पाहता आले. महाभारताचे काम पूर्ण झाले १९६६ मध्ये; तेव्हा विंटरनित्स यांना जाऊन एकोणतीस वर्षे आणि सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. चेक माणसाने ‘विस्न्येनी’ हा शब्द वापरावा असा याहून चोख प्रसंग मला आठवत नाही.

सारीच स्वप्ने अशी एकाने पाहावी आणि दुसऱ्याने पुरी करावी, अशा भाग्याची नसतात. प्रागच्या जुन्या यहुदी वस्तीत पिंकास सिनॅगॉग नावाचे एक प्रार्थनास्थान आहे. आत मूर्ती नाहीत, चित्रे नाहीत. भिंतींवर केवळ नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी मारलेल्या बोहेमिया व मोराविया प्रांतांतील सुमारे ऐंशी हजार यहुदी स्त्रीपुरुषांची आणि मुलांची ही नावे. १९५०च्या दशकात ती हाताने लिहिली गेली. १९६८ नंतर इमारत बंद पडून ती नष्ट झाली. आणि १९९२ ते १९९६ या काळात पुन्हा एकेक नाव लिहून काढण्यात आले.

वरच्या मजल्यावर मुलांनी काढलेली चित्रे मांडली आहेत. प्रागच्या उत्तरेस तेरेझीन या कोटात नाझींनी यहुदी कुटुंबांना डांबले होते. तेथे फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस नावाच्या चित्रकर्तीने मुलांना चोरूनमारून चित्रकला शिकविली. कागद मिळेना, तर वापरलेल्या कागदाच्या पाठीवर मुलांनी चित्रे काढली. घर, अंगणातील झाडे, फुलपाखरे, जेवणाचे मेज, दूर जाणारी वाट. १९४४च्या ऑक्टोबरात तिला आउशविट्सच्या छळछावणीत नेण्यात आले आणि तेथेच तिचा अंत झाला. जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. ती वाचली. चित्रे काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत.

त्या मुलांनी रेखाटलेले घर हे ‘विस्न्येने घर’ होय. त्याला दुसरे कोणतेही विशेषण लागू पडत नाही. ‘काल्पनिक’ म्हणावे तर त्या ध्यासाचा अपमान होतो. ‘साकार झालेले’ म्हणावे तर ते असत्य. ज्या भाषेत असा शब्द आहे, ती भाषा त्या कागदाच्या कपट्यांसमोर अगदीच मूक राहत नाही, एवढाच काय तो आधार.

इतका भार वाहणारा हा शब्द रोजच्या व्यवहारातही सुखाने नांदतो. शुक्रवारी दुपारी प्रागमधील कितीतरी कुटुंबे पिशव्या भरून शहराबाहेर निघतात. नदीकाठी किंवा रानाच्या कडेला त्यांची लहानशी लाकडी झोपडी असते. तिला ते ‘खाता’ म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द बँकेच्या हिशेबासारखा वाटतो खरा! १९६०-७० च्या दशकांत अशी हजारो घरकुले उभी राहिली. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसल्यावर सार्वजनिक जीवनात मोकळेपणाने बोलण्याची सोय राहिली नाही. तेव्हा अनेकांनी आपले लक्ष त्या दोन खोल्यांकडे आणि भोवतालच्या वाफ्यांकडे वळविले. वडील फळ्या ठोकीत, आई बेदाण्यासारख्या फळांची झुडपे लावी, मुले विहिरीचे पाणी आणीत. दीर्घ पारतंत्र्यात राष्ट्राने नाट्यगृह मनात धरले होते; आता एकेका कुटुंबाने एकेक झोपडी मनात धरली. १९८९ च्या नोव्हेंबरात लोक पुन्हा चौकांत जमले आणि ती सत्ता कोसळली. झोपड्या मात्र आजही आहेत, आणि त्या त्यांच्या धन्यांना तितक्याच ‘विस्न्येन्या’ वाटतात.

अलीकडे घरे विकणाऱ्यांच्या आणि सहली काढणाऱ्यांच्या जाहिरातींत हा शब्द फार दिसतो. आपल्याकडे ‘तुमच्या स्वप्नातील घर’ या शब्दांची जी गत झाली, तीच त्याची होऊ पाहत आहे. पैसे मोजले की किल्ली हातात. त्यात ध्यास नाही, वाट पाहणे नाही. शब्द मात्र टिकून आहे, कारण त्याच्या पाठीशी नाट्यगृह आहे, मंदिर आहे आणि त्या दोन पेट्याही आहेत.

हा शब्द मराठीत आणायचा झाला तर? भाषांतराच्या मेजावर असा शब्द आला की आपली भाषा गरीब असल्याची भावना प्रथम मनात येते. पण ती खरी नसते. ‘स्वप्नवत’ म्हणावे तर ते धूसर होते; ‘स्वप्नाळू’ हा स्वभाव झाला; ‘मनोराज्य’ म्हटले की थट्टेचा सूर लागतो; ‘साकार झालेले स्वप्न’ म्हणावे तर जे साकार झाले नाही त्याच्यावर अन्याय होतो. मात्र आपल्या आजीच्या तोंडी एक म्हण आहे: मनी वसे ते स्वप्नी दिसे. तिने पडणाऱ्या स्वप्नाची आणि बाळगलेल्या इच्छेची गाठ केव्हाच घालून ठेवली आहे. त्याच म्हणीचे बोट धरून ‘मनी धरलेले’ असे म्हणावे, असे मला वाटते. मनी धरलेले घर, मनी धरलेली विद्या, मनी धरलेला देश. आपल्या बायका व्रत मनी धरतात, शेतकरी विहीर मनी धरतो. पाणी लागो वा न लागो, धरणे हे त्याचे स्वतःचे असते.

प्रत्येक कुटुंबात अशी एखादी वस्तू असते. आजोबांनी मनी धरलेली आणि नातवाच्या हातून झालेली. किंवा आईने मनी धरलेली आणि राहूनच गेलेली. त्यांपैकी पहिलीचे आपण कौतुक करतो आणि दुसरीविषयी बोलायचे टाळतो. चेक भाषेने दोघींना एकच विशेषण देऊन एका पंक्तीस बसविले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा निवांतपणे विचारून पाहावे, की तुम्ही काय मनी धरले होते? जे झाले त्याची हकीकत ते आनंदाने सांगतील. जे झाले नाही तेही ऐकून घ्यावे.